होळीत गेलेलं झाड आणि उरलेली चार

मी, दिपा पुनमचंद राठोड, वय सत्तावीस, अविवाहित, धंदा शेती, राहणार पळसतांडा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या माघारी माझा भाऊ कुलदीप सगळ्यात आधी हेच म्हणेल की हिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी फितवलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

आमच्या घरात गोरमाटी बोलतात. माणसांचं बोलणं मी इथे आमच्या भागातल्या मराठीत उतरवलं आहे. शब्द इकडेतिकडे झाले असतील, अर्थ बदललेला नाही.

या वयात मृत्युपत्र का, तर लहानपणी सांधेताप होऊन माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आणि आता ती बदलायची आहे. ऑपरेशन संभाजीनगरला आहे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक पेशंट चालत घरी जातात. "बहुतेक" या शब्दाने माझं भागत नाही. तरीही मी कदाचित हे लिहिलं नसतं. पण दिवाळीनंतर एका सकाळी मी शेळ्या सोडत होते आणि कुडाच्या पलीकडे कुलदीप आणि आमचे काका रामप्रसाद बोलत होते. कुलदीप म्हणाला, "तिचं ऑपरेशन व्हऊ द्या काका. मंग जेसीबी बोलावतो." काका म्हणाले, "झालं बराबर तरी बोलाव, न्हाई झालं तरी बोलाव."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. जेसीबी माझ्या झाडांवर घालायचा आहे. मी मृत्युपत्र न करता गेले तर जमीन कायद्याने माझ्या आईकडे, याडीकडे जाईल, आणि याडी कुलदीप दाखवील तिथे अंगठा उठवील. म्हणून लिहिते.

मला लिहायला बसलेली पाहून कुलदीप म्हणाला, "काहून लिहून राहिली? येवढ्याशा पोरीचं कसलं मृत्युपत्र?" मी म्हटलं, "भिया, तुला मागं शोधाशोध नको."

१) माझी मिळकत. माझे वडील पुनमचंद यांनी हयातीत नोंदणीकृत बक्षीसपत्राने मला दिलेली वीस गुंठे बरड जमीन. चतुःसीमा: पश्चिमेस नाला, उत्तरेस पांदण, दक्षिणेस भाऊ कुलदीप याचं शेत, पूर्वेस काका रामप्रसाद यांचं शेत, जे दर पेरणीला नांगराच्या एका तासाएवढं पश्चिमेकडे सरकतं. बांधाचा दगड मूळ कुठे होता ते याडीला माहीत आहे. ती सांगणार नाही.

जमीन दिली तेव्हा भावाने आणि काकांनी हरकत घेतली नव्हती. तिथे कुसळाशिवाय काही येत नव्हतं. काका हसून म्हणाले होते, "दे, दे. पोरीला दगडं वेचायला बरं."

२) जमिनीवरची झाडं. वडील वारंगा फाट्यावरून हळदीचा ट्रक घेऊन उत्तरेत जायचे. मी शाळेत जायच्या आधी दोन वर्षं त्यांच्याबरोबर केबिनमध्ये होते, आणि पहिली अक्षरं मी मैलाच्या दगडांवर शिकले. चुकीचं वाचलं की ते गाडी कडेला घ्यायचे आणि उतरून दगडाला हात लावून पुन्हा वाचायला लावायचे. मला अजून काहीही लिहिलं की ते जाऊन बघून यावंसं वाटतं, ते त्यामुळे.

एका खेपेला त्यांनी कुल्लूकडून पाच रोपं आणली, सीटच्या मागे ओल्या पोत्यात गुंडाळून. पर्सिमन. तिकडे त्याला जापानी फळ म्हणतात. फळ टोमॅटोएवढं, केशरी, देठाला चार पाकळ्यांची टोपी. आमच्या डोंगरातल्या टेंभुर्णीचं हे भावंड, म्हणून तांड्यात त्यांना "ट्रकवाल्याची टेंभरं" म्हणतात. ही थंड मुलखातली झाडं. आमची थंडी त्यांना जेमतेम पुरते आणि आमचं ऊन त्यांना मारतं. म्हणून ती एकटी जगत नाहीत, आणि म्हणूनच माझं शेत इतरांच्या शेतासारखं दिसत नाही. कोणी विचारलं तर पुढीलप्रमाणे सांगावं:

शेवगा पश्चिमेच्या बाजूला आहे, दुपारचं ऊन अडवायला. तो तोडला तर चैत्रात पर्सिमनच्या खोडाची साल फाटते. तूर दोन झाडांमध्ये आहे. तिची मुळं बरड फोडतात आणि जमिनीला खत देतात. खाली चवळी आहे, माती उघडी राहू नये म्हणून. झेंडू किडीसाठी. चरीच्या काठावर गवती चहा आहे, पावसात काठ ढासळू नये म्हणून. सावलीत हळद आहे, पण खोडापासून दोन हात लांब. ती काढताना कुदळ घालू नये, हाताने उकरावी, नाहीतर झाडाची मुळं तुटतात. खोडाला उन्हाळ्याआधी चुना लावावा. बुडाशी पाणी साचू देऊ नये. काही वर्षी फळ धरतच नाही. त्या वर्षी झाडाला शिव्या देऊ नयेत.

यातलं एकही तण नाही. काका म्हणतात, "ही शेती न्हाई, लपायची जागा हाय. साप व्हतील." एकदा धामण निघाली होती, हे खरं आहे. ती त्यांच्या शेतातून आली की त्यांच्या शेतात गेली, ते मी पाहिलेलं नाही.

३) तणनाशकाबद्दल. वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माझी पूर्वेकडची तूर आणि चवळी पिवळी पडून गळाली. काकांनी त्या दिवशी सोयाबीनवर तणनाशक मारलं होतं. मी विचारायला गेले तर म्हणाले, "वारा व्हता बाई. वाऱ्याला मी काय दावं बांधू?" त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता. पश्चिमेचा वारा माझ्याकडून त्यांच्याकडे जातो. हे मी तेव्हा बोलले नाही, कारण याडी मध्ये उभी होती आणि पदराने माझा हात दाबत होती. आता बोलते.

४) विषाबद्दल. पहिल्यांदा फळं धरली तेव्हा काका एका दुपारी ओरडत आमच्या दारात आले. "हिनं विष लावलं! माझं तोंड बांधल्यावानी झालं!" माझ्या झाडांपैकी एक जात अशी आहे की तिचं फळ कच्चं असताना भयंकर तुरट असतं, लोण्यासारखं मऊ झाल्यावरच खायचं. मी एवढंच विचारलं, "काका, पण तुमी ते तोडलं कवा?" ते चूळ भरत राहिले. बायका हसल्या. ते हसणं काकांनी मला माफ केलेलं नाही. तेव्हापासून तांड्यातल्या लेकरांना माझ्या शेताकडे फिरकू देत नाहीत.

५) होळीबद्दल. हे नीट वाचावं.

पर्सिमन हिवाळ्यात सगळी पानं गाळतं आणि बोडकं उभं राहतं. आमच्या भागात त्याला पालवी होळीच्या नंतर येते. गेल्याच्या गेल्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी मी सांधेतापाच्या नेहमीच्या इंजेक्शनसाठी हिंगोलीला गेले होते. माझा इंजेक्शनचा दिवस सगळ्या घराला माहीत असतो. संध्याकाळी जीपमधून उतरले आणि शेताकडे गेले तर पाचांतलं सगळ्यात मोठं झाड नव्हतं. गुडघ्याएवढा खुंट होता. वडिलांनी स्वतः लावलेलं, पहिलं फळ दिलेलं झाड ते हेच.

तांड्यातली पोरं होळीसाठी लाकूड गोळा करतात. त्यांना कोणी अडवायचं नसतं, आणि होळीला गेलेलं लाकूड कोणी परत मागायचं नसतं. पोरांचा यात दोष नाही. त्यांना झाड दाखवणारे आमचे काका, जे या तांड्याचे कारभारी आहेत. पोरांनी मला तोंडावर सांगितलं, "कारभारी म्हनले, त्ये वाळलंय, न्या." मी तांड्याच्या प्रमुखाकडे, नाईकांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, होळीचं लाकूड कोनी मागतं का? सणासुदीला तोंड वाईट करू नको." काका तिथेच बसले होते. म्हणाले, "मला काय ठावं? पान न्हाई, फूल न्हाई. वाळल्यावानीच दिसत व्हतं."

आमच्यात होळी पहाटे पेटते. त्या पहाटे ती पेटेना. वरच्या काड्या भुरकन गेल्या आणि मग धूर. हिरवं लाकूड जळत नाही, नुसतं धुपतं आणि टोकातून पाणी सोडतं. अख्खा तांडा खोकत होता. लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणायला उभ्या राहिलेल्या बायका पदर तोंडाला लावून मागे सरल्या. एक म्हातारी म्हणाली, "आरं, जितं झाड जाळून राहिलात का काय?" काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने.

एखाद्या माणसाला वाळलेलं आणि पानं गाळलेलं यातला फरक कळत नसेल, असं मी पुष्कळ दिवस धरून चालले. फळझाड असं बोडकं झालेलं त्यांनी पाहिलं नसेल, असंही म्हणून पाहिलं. पण काकांच्या अंगणात सीताफळ आहे. ते दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला बोडकं होतं. ते कधी होळीत गेलं नाही. त्यांनी माझं झाड जाणून तोडायला लावलं.

६) आता मुख्य व्यवस्था. माझी वीस गुंठे जमीन, तिच्यावरच्या सर्व झाडांसह, चर, बांध आणि तारेच्या कुंपणासह, मी माझी वहिनी सौ. संगिता कुलदीप राठोड हिच्या एकटीच्या नावाने देत आहे. कुलदीपचा, काकांचा किंवा आणखी कोणाचा तिच्यावर हक्क राहणार नाही.

हे मायेपोटी नाही, हे स्पष्ट करते. संगिता लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यात तिने माझं नाव "जंगलची राणी" ठेवलं. हौदाच्या पाण्यावरून आमची भांडणं झाली आहेत आणि त्यातल्या दोन भांडणांत चूक तिची होती. एकात माझी. ती माझ्या शेतात आली की चप्पल झटकून बाहेर पडते.

पण त्या होळीच्या सकाळी, धूर निवल्यावर, ती ओट्यावर आली आणि एक ओलं पोतं माझ्या पुढ्यात टाकलं. आत पर्सिमनच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या होत्या, वीतभर कापलेल्या. काड्यांवरचे पालवीचे डोळे फुगलेले, अजून फुटलेले नव्हते. होळी रचून झाल्यावर, पूजेच्या आधी, सगळे जेवायला गेले तेव्हा तिने त्या ढिगातून ओढून काढल्या होत्या. होळीतलं लाकूड बाहेर काढणं आमच्यात फार मोठा अपशकुन. ती तेव्हा पोटुशी होती.

मी रडत होते. ती म्हणाली, "रडून काय व्हतंय? खुंट ओला हाय तवर कलम बांध. का तुझ्या बानं तुला निस्तं वाचायलाच शिकवलं?"

मी म्हटलं, "वहिनी, कोनी पाहिलं असतं तर?"

"तर म्हनले असते सरपनाला नेते. सासूचं सरपन कवा पुरतंय?" मग म्हणाली, "तुझ्यासाठी न्हाई केलं. त्या कारभाऱ्याचा हसरा चेहरा मला बघवत न्हाई. माझ्या लग्नात त्यानं माझ्या बापाचा फेटा काढला व्हता."

आम्ही दोघींनी खुंटाचं तोंड साफ कापलं, सालीत चीर दिली, चार काड्या पाचरीसारख्या तासून सालीखाली सारल्या, सुतळीने आवळल्या आणि वरून शेणमाती लावली. चारांतल्या दोन काड्या लागल्या. आज त्या माझ्या खांद्याला आल्या आहेत. बुडातून जे फुटवे येतात ते रानटी जातीचे असतात. ते दिसले की मोडावेत, नाहीतर वरचं कलम उपाशी मरतं. हे संगिताला माहीत आहे, पण ती आळस करते.

ही हकीकत इथे लिहायला मी तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "लिव्ह. मेल्यावरच वाचतील ना? तवर माझं पोरगं शाळेत जाईल. मंग मला कोन काय म्हनतंय ते बघते." जमीन घेशील का, असं विचारल्यावर आधी म्हणाली, "मला काय करायचीत तुझी झाडं? माझं सोयाबीनच बरं." मी उठले. तेव्हा म्हणाली, "थांब. तुझ्या भावाच्या नावावर नको करू. माझ्याच नावावर कर. त्यांना बी कळू दे, बांधावर उभं राहून इचारावं लागतं ते."

झाडं विकू नयेत, तोडू नयेत, अशी अट मला घालायची होती. वकील म्हणाले, एकदा दिल्यावर अशी अट टिकत नाही. म्हणून अट नाही. सांगणं आहे. आणि त्याखेरीज जी तजवीज केली आहे ती परिच्छेद १० मध्ये आहे.

७) इतर वस्तू.

बचत गटातली माझी रक्कम, दोन शेळ्या आणि घरातला माझा हिस्सा आई रुख्मिणीबाई हिला. याडी, तू नेहमी म्हणायचीस, "जाऊ दे लेकरा, घरचंच माणूस हाय." मी जाऊ दिलं. तुझ्यावर माझा राग आहे आणि तो या कागदात लिहिते, कारण खोटं लिहायला बाने शिकवलं नाही. जीव तुझ्यावरच सगळ्यात जास्त आहे, हेही खरं आहे.

वडिलांची कलमाची सुरी संगिताला. तिने ती भाजीला वापरू नये.

भाऊ कुलदीप यास वडिलांच्या ट्रकचा डाव्या बाजूचा आरसा. वडिलांच्या तेराव्याच्या आत त्याने ट्रक विकला आणि घेणाऱ्याने आरसा कमी आहे म्हटल्यावर तो माझ्याकडे मागायला आला. मी दिला नाही. आता देते. आता ट्रक नाही.

काका रामप्रसाद यांस दरवर्षी दिवाळीनंतर त्या तुरट जातीचं एक फळ, कच्चं. संगिताने ते चार माणसांदेखत त्यांच्या हातात द्यावं आणि कधी खायचं ते सांगू नये. हे वाईट आहे, हे मला कळतं. दोन दिवस विचार केला. तसंच ठेवते.

८) तांड्याच्या होळीसाठी दरवर्षी माझ्या शेतातल्या वाळलेल्या तुराट्या आणि शेवग्याच्या छाटलेल्या फांद्या संगिताने स्वतःहून पोरांना द्याव्यात. दिपाने सणाला लाकूड नाकारलं, असं कोणाला म्हणता येऊ नये. लाकूड वाळलेलं आहे याची पोरांनी मोडून खात्री करावी. हिरवी काडी वाकते, वाळलेली कडकन मोडते. एवढं त्यांना या वर्षी मी शिकवलं आहे.

९) मी वाचले तर हा कागद रद्द समजून मला परत द्यावा. त्यातल्या तक्रारी रद्द नाहीत.

१०) माझा देह. आमच्या रिवाजाप्रमाणे लग्न झालेल्या माणसाला जाळतात आणि बिनलग्नाच्या माणसाला पुरतात. मी बिनलग्नाची आहे. तेव्हा मला लाकूड लागणार नाही, ही एक चांगली गोष्ट आहे. मला तांड्याच्या जागेत पुरू नये. माझ्या स्वतःच्या जमिनीत, कलम केलेल्या खुंटाच्या आणि कुलदीपच्या बांधाच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात पुरावं. मुळांना धक्का लागू नये म्हणून खुंटापासून दहा हात सोडावेत. खड्डा कुदळीने खणावा, यंत्राने नाही. वर दगड रचावेत. दगड भरपूर आहेत, लहानपणी मीच वेचलेत.

जेसीबीला माझ्या झाडांकडे यायला तेवढी एकच वाट आहे. बाकी तिन्ही बाजूंना नाला, अरुंद पांदण आणि काकांची विहीर आहे. जागा मी स्वतः जाऊन पाहून आले आहे.

होळीचं लाकूड परत मागत नाहीत, हा रिवाज काकांनी माझ्यावर वापरला. पुरलेल्या माणसावरून नांगर नेत नाहीत, हाही आपल्याच तांड्याचा रिवाज आहे. अट टिकत नाही असं वकील म्हणाले. हे टिकेल. कुलदीप, तू मला कधी मारलं नाहीस, खोटं कशाला बोलू. लहानपणी खांद्यावर घेऊन नाला ओलांडायचास. म्हणून मला खात्री आहे की माझ्यावरून तू जाणार नाहीस.

११) या मृत्युपत्राची अंमलबजावणी धम्मानंद मुंजाजी पाईकराव, सेनगाव–हिंगोली मार्गावरचे जीपचालक, यांनी करावी. ते वडिलांच्या मित्राचे चिरंजीव. त्यांना यातून काही मिळत नाही. विचारल्यावर ते म्हणाले होते, "करतो ताई. पन तूच परत ये, माझ्या मागं कारभाऱ्याचं झेंगट नको लावू."

हा सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना पाणी प्यायला दोनदा थांबले. मग त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

खाडाखोडीचा खुलासा: परिच्छेद ५ च्या शेवटच्या ओळीत आधी "चुकून" असं लिहिलं होतं. ते खोडून "जाणून" केलं आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे आणि बाजूला माझी लहान सही आहे. इतर कुठेही काही बदललेलं नाही.

साक्षीदार:
१. धम्मानंद मुंजाजी पाईकराव, रा. सेनगाव (सही)
२. विजयकुमार विश्वंभर खंदारे, शिक्षक, रा. सेनगाव (सही)

लिहून ठेवणार:
दिपा पुनमचंद राठोड (सही)

ठिकाण: पळसतांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५